काळ्या मातीत उंच गाडी

मृगाचा पाऊस पडून गेला की नांदेड-लातूरच्या गॅरेजांत एक प्रश्न हमखास येतो. गाडी उचलून घ्यायची आहे, किती इंच उचलता येईल? विचारणारा कधी जुन्या जिप्सीचा मालक असतो, कधी जिम्नीचा किंवा थारचा. त्याचं शेत डांबरी रस्त्यापासून दोन-तीन किलोमीटर आत असतं, नाहीतर तो जनावरांचा डॉक्टर असतो, दूध गोळा करणारा असतो, गाळप हंगामात फडाफडांवर फिरणारा साखर कारखान्याचा माणूस असतो. हौसेखातर गाडी उंच करणारेही आता बरेच दिसतात. पण या दोन जिल्ह्यांत फोर बाय फोर ही आधी गरज आहे, मग हौस.

उत्तर इंचात देण्याआधी गाडी नेमकी कुठे अडते ते पाहावं लागतं. माझं मत आधीच सांगून टाकतो. आपल्या भागात बहुतेक गाड्या उंची कमी पडल्यामुळे नाही, पकड सुटल्यामुळे अडतात. म्हणून पहिला पैसा टायरवर जावा, दुसरा थकलेल्या स्प्रिंगांवर. एवढं करून उंची वाढवायचीच असेल तर ती दीड-दोन इंचांच्या आत ठेवावी, आणि तिच्यामागून येणाऱ्या सगळ्या दुरुस्त्या त्याच वेळी करून घ्याव्यात. चार-पाच इंच उचललेली गाडी रोजच्या वापराला ठेवू नये.

जुलै-ऑगस्टमधली कुठलीही पाणंद घ्या. अहमदपूरकडची घ्या, नाहीतर मुखेड-कंधारकडची. ट्रॅक्टरच्या येण्याजाण्यानं तिच्यात दोन चाकोऱ्या पडलेल्या असतात. प्रत्येक पावसाला त्या आणखी खोल होतात. मधला पट्टा मात्र तसाच राहतो, त्यावर गवत वाढतं, आणि गवताच्या मुळ्यांनी तो घट्ट बांधला जातो. ट्रॅक्टरचं पोट उंच असल्यामुळे त्याला या पट्ट्याचं काही वाटत नाही. छोटी गाडी त्याच चाकोऱ्यांत उतरली की चाकं खाली आणि मधला उंचवटा थेट पोटाखाली. टेप लावला तर हा उंचवटा पाऊण फूट सहज भरतो. पाऊण फूट म्हणजे जवळपास २३० मिलिमीटर. आता गाड्यांचे आकडे बघा. जिप्सीचा ग्राउंड क्लिअरन्स २१० मिलिमीटर, जिम्नीचाही २१०, आणि २०२०च्या थारचा २२६. म्हणजे तिन्ही गाड्या त्या पट्ट्यावर घासणार. गाडी उचलण्याची इच्छा होते ती इथेच, आणि ती चुकीची म्हणता येणार नाही.

फक्त घासतं काय, ते खाली वाकून पाहिलं पाहिजे. जिप्सी आणि जिम्नीला पुढे-मागे अखंड एक्सल आहेत, म्हणजे डावं-उजवं चाक एकाच दांड्यावर, आणि त्या दांड्यावर डिफरन्शियलचा गोल फुगवटा. गाडीचा सगळ्यात खालचा भाग तोच. क्लिअरन्सचा आकडाही तिथपर्यंतचाच असतो. स्प्रिंग बदलून गाडी दोन इंच उचलली की चेसी वर जाते, बॉडी वर जाते, बंपर वर जातो. एक्सल मात्र चाकाच्या मध्याला बांधलेला आहे, तो जागचा हलत नाही. डिफरन्शियल जमिनीपासून जितका होता तितकाच राहतो. दोन इंचांचे पैसे मोजून पाणंदीतल्या त्या उंचवट्याशी गाडीचं नातं एका मिलिमीटरनंही बदललेलं नसतं. गॅरेजमधून बाहेर पडणाऱ्या कितीतरी मालकांना हे कुणी सांगितलेलंच नसतं, आणि मला याचंच सगळ्यात वाईट वाटतं.

एक्सल उचलतो तो टायर. जिम्नीला कंपनीकडून १९५/८० आर १५ मापाचा टायर येतो, त्याचा व्यास साधारण ६९३ मिलिमीटर. त्याजागी २३५/७५ आर १५ घातला तर व्यास सुमारे ७३३ होतो. फरक ४० मिलिमीटरचा, आणि त्यातला निम्मा, म्हणजे २०, डिफरन्शियलखाली मिळतो. आकडा लहान वाटतो, पण गवताळ पट्ट्यावर डिफरन्शियलचा फुगवटा घासत जाणं आणि रुतून बसणं यांत बऱ्याचदा एवढंच अंतर असतं. या टायरची किंमतही मोजावी लागते. चाकाचा घेर जवळपास सहा टक्क्यांनी वाढतो, त्यामुळे काटा ८० दाखवतो तेव्हा गाडी ८५च्या आसपास धावत असते. तितकंच गिअरिंग उंचावतं, चढावर इंजिन दमतं, ब्रेकला जास्त ताकद लागते. शिवाय एवढा टायर पूर्ण वळवल्यावर किंवा खड्ड्यात चाक वर दबल्यावर बॉडीला घासतो. तो घासू नये म्हणून थोडी लिफ्ट, म्हणजे स्प्रिंगनं दिलेली उंची, लागते. टायर आणि लिफ्ट यांचं खरं नातं हे आहे. मोठ्या टायरला जागा हवी म्हणून लिफ्ट करायची असते. नुसत्या लिफ्टनं पाणंद सुटत नाही.

नुसत्या लिफ्टचा उपयोग होतो तो बांधावर. बांध, कालव्याची भर, ओढ्याचा उभा काठ अशा ठिकाणी पुढची चाकं पलीकडे उतरतात आणि मागची अजून अलीकडे असतात. त्या क्षणी गाडीचं मधलं पोट टेकतं. पोट न टेकता जितक्या कोनाचा उंचवटा ओलांडता येतो, तो पोटाखालचा कोन लांब गाडीत कमी असतो. जिम्नीचंच उदाहरण घ्या. परदेशात विकल्या जाणाऱ्या तीन दारांच्या जिम्नीचा व्हीलबेस २२५० मिलिमीटर आणि हा कोन २८ अंश. भारतात जून २०२३ मध्ये आलेल्या पाच दारांच्या जिम्नीचा व्हीलबेस २५९० झाला आणि कोन २४ अंशांवर उतरला. ढोबळ गणित मांडलं तर दोन इंचांच्या लिफ्टनं साधारण चार अंश मिळतात. म्हणजे दोन जास्तीच्या दारांनी जे नेलं ते परत येतं. पुढच्या बंपरखालचा आणि मागचा कोनही सुधारतो. ओढ्यातून वर येताना नंबरप्लेट मातीत खुपसली जात नाही. बांध ओलांडायचे असतील तर लिफ्ट कामाची आहे. चाकोरीतून जायचं असेल तर टायर कामाचा आहे. आपला रस्ता कुठला, ते ज्याचं त्याला ठाऊक असतं.

आता मातीकडे येतो, कारण खरा निकाल तीच लावते. दख्खनच्या बेसॉल्टपासून झालेली ही काळी माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आक्रसते आणि भेगाळते. ओली असताना ती टायरच्या खाचांत भरते आणि तिथेच घट्ट बसते. दहा-वीस पावलांत खाचा दिसेनाशा होतात, टायर गुळगुळीत होतो. पुढे ती माती चाक आणि मडगार्डच्या मधल्या पोकळीत साचते, आणि कधी कधी चाक फिरणंच बंद होतं. अशा वेळी गाडी दोन इंच उंच असली काय आणि चार इंच असली काय, चारही चाकं जागेवर फिरतात. रस्त्यावरच्या साध्या टायरवर उचललेली गाडी चिखलात जिथे थांबते, तिथून पुढे चिखलाचे मोठ्या खाचांचे टायर घातलेली न उचललेली गाडी निघून जाते. मोठ्या, अंतरावरच्या खाचा चाकाचा वेग वाढला की माती फेकून देतात. म्हणून पहिला पैसा टायरवर.

टायर रुंद घ्यावा की अरुंद, याचं उत्तर आपल्या दोन जिल्ह्यांत एक नाही. बालाघाटच्या पठारावर, उदगीर-जळकोट-अहमदपूरच्या माळांवर, मातीचा थर पातळ आहे. वीतभर-हातभर खाली मुरूम लागतो. तिथे अरुंद टायर बरा, तो चिखल कापत खालच्या मुरुमावर टेकतो आणि तिथे त्याला पकड मिळते. मांजरा आणि गोदावरीच्या काठच्या खोल जमिनीत मात्र खाली टेकायला काही नसतं. कापत जाणारा टायर खाली जातच राहतो. तिथे रुंद टायर आणि कमी हवा लागते, म्हणजे गाडी वरच्या वर तरंगत निघते. हवा कमी करणं हा फुकटचा उपाय असून आपल्याकडे सगळ्यात कमी वापरला जातो. दारावरच्या पाटीवर लिहिलेल्या दाबावरून अठरा पीएसआयपर्यंत हवा उतरवली की टायर पसरतो आणि पकड लगेच वाढते. पंधराच्या खाली जाऊ नये, टायर रिमवरून निसटू शकतो. आणि डांबरीवर येताच हवा परत भरली पाहिजे, म्हणून बॅटरीवर चालणारा छोटा पंप गाडीत हवाच. लिफ्टच्या किटच्या तुलनेत तो किरकोळ खर्च आहे.

आणखी एक फुकटचा उपाय शेतकऱ्याला सांगायची गरज नाही. वाफसा येऊ द्यावा. भर पावसात दोन तास झुंजून ज्या पाणंदीतून गाडी निघत नाही, तिथूनच उघडीप मिळाल्यावर एक-दोन दिवसांत ती सहज जाते. ज्याला थांबता येतं त्यानं थांबावं. रुग्ण, अडलेली गाय, नासणारं दूध थांबत नाही, आणि ज्यांच्याकडे ही कामं आहेत त्यांच्यासाठीच पुढचं सगळं लिहितो आहे.

जिप्सीपासून सुरुवात करतो, कारण खेड्यापाड्यांत छोटी फोर बाय फोर म्हटलं की बरीच वर्षं तीच होती. मारुतीनं ती १९८५ मध्ये आणली, २०१९ मध्ये सामान्य ग्राहकांसाठी बंद केली. लष्करानं आणि पोलिसांनी ती भरपूर वापरली, आणि तिथून लिलावात निघालेल्या गाड्याही लोकांच्या हाती आल्या. तिला पुढे-मागे पाट्यांच्या स्प्रिंग आहेत. म्हणून तिचं काम आपल्याकडचा ट्रकच्या पाट्यांचा कारागीरही हाती घेतो. असे कारागीर नांदेडलाही आहेत, लातूरलाही.

त्या कारागिराचं काम जवळून पाहण्यासारखं असतं. यू-बोल्ट सोडले की पाट्यांची चवड मोकळी होते, पण सेंटर बोल्ट अजून तिला धरून असतो. चवड शिकंज्यात आवळायची, सेंटर बोल्ट काढायचा, मग शिकंजा हळूहळू सैल करायचा. घाई केली तर पाटे उसळतात आणि हात फोडतात. सुटे झालेले पाटे जमिनीवर ओळीनं मांडले की गाडीचा इतिहास वाचता येतो. मधल्या पाट्यांची टोकं एकमेकांवर घासून चकाकलेली, वरच्या मुख्य पाट्याच्या डोळ्यातला रबरी बुश चपटा झालेला, एखाद्या पाट्याला केसाएवढी चीर. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कमान बसलेली. पंचवीस-तीस वर्षांच्या जिप्सीचे पाटे मूळ उंचीपेक्षा इंचभर खाली बसलेले असणं अगदी सहज शक्य आहे. तिचा मालक दोन इंच उचलायला आलेला असतो, आणि त्यातला एक इंच कंपनीनं आधीच दिलेला, वर्षानुवर्षांच्या ओझ्यानं गेलेला असतो. नवे मूळ पाटे, नवे बुश आणि नवे शॉकअप घातले की तो परत येतो. कायद्याचा प्रश्न नाही, स्टिअरिंग बिघडण्याचा प्रश्न नाही. पन्नास टक्के जिप्सींचं काम एवढ्यावर भागेल असं मी धरून चालतो.

नवे पाटे न घेता जुन्यांनाच कमान द्यायची तर ती थंड पाट्यावर, ऐरणीवर थोडं थोडं ठोकून द्यायची असते. भट्टीत लाल करून वाकवलेला पाटा पटकन वाकतो, पण त्या उष्णतेनं पोलादाची मूळची लवचीक ताकद जाते. तो पुन्हा नीट पाणी देऊन, योग्य तापमानाला मुरवून घेतला नाही तर काही महिन्यांत बसतो किंवा तुटतो. कामाच्या आधी हे एवढं विचारावं. तसंच जास्तीचा पाटा घालून उंची मिळवण्याचं. वडापच्या जीपना ओझ्यासाठी पाटा वाढवायची पद्धत जुनी आहे. ओझ्याला ती ठीक. पण रिकाम्या जिप्सीत जादा पाटा घातला की स्प्रिंग इतकी ताठ होते की खड्ड्यात एक चाक खाली पोचतच नाही. हवेत लटकलेलं चाक फिरत राहतं आणि साध्या डिफरन्शियलमुळे जमिनीवरच्या चाकाला पुरेसा जोर मिळत नाही. जिप्सीला डिफरन्शियल लॉक नाही. चिखलात चारही चाकं जमिनीवर ठेवणारी मऊ स्प्रिंग उंच ताठ स्प्रिंगपेक्षा कितीतरी मोलाची आहे.

लांब शॅकल, म्हणजे पाट्याचं टोक चेसीला जोडणारी पट्टी, घालणं हा सगळ्यात स्वस्त मार्ग. शॅकल दोन इंच लांब केला तर उंची साधारण एक इंच मिळते, कारण पाट्याचं एकच टोक खाली जातं. पण त्यानं एक्सल तिरका होतो आणि पुढच्या बाजूला चाक वळण्याच्या अक्षाचा कल, म्हणजे कॅस्टर, बिघडतो. मागे अर्ध्या-पाऊण इंचापर्यंत चालेल, पुढे नको.

आणि मग जिप्सीचा तो प्रसिद्ध मोठा बदल. कंपनीनं पाटे एक्सलच्या खालून बांधले आहेत. ते एक्सलच्या वर बांधले की एका फटक्यात साडेचार-पाच इंच उंची मिळते, स्प्रिंग नवी घ्यावी लागत नाही. दगडांच्या शर्यतींत उतरणारे लोक हे करतात आणि नीट करतात. नीट म्हणजे काय, तर एक्सलवर पाट्यांच्या नव्या बैठकी अचूक कोनात वेल्ड करायच्या, स्टिअरिंगचा दांडा पाट्यांना लागू नये म्हणून त्याची जोडणी वर न्यायची, ब्रेकच्या नळ्या लांब करायच्या, प्रॉपेलर शाफ्टची लांबी आणि कोन सुधारायचे, आणि जोर लागला की पाटे पिळवटून एस आकाराचे होतात ते रोखायला वेगळा दांडा लावायचा. यातलं एक जरी राहिलं तर गाडी धोकादायक होते. वेल्डिंगवर स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्ही अवलंबून राहतात. शेतावर ये-जा करणाऱ्या, घरची माणसं बसवणाऱ्या जिप्सीला हा बदल नको.

जिम्नीत पाट्यांऐवजी कॉइल स्प्रिंग आहेत, एक्सल मात्र तसेच अखंड. त्यामुळे काम वरवर फार सोपं दिसतं. चार स्प्रिंग काढा, चार उंच घाला, लांब शॉकअप घाला, अर्ध्या दिवसात गाडी बाहेर. ऑस्ट्रेलियन कंपन्यांची तयार किट भारतातही मिळतात. पण पुढचा एक्सल दोन लांब आर्मवर टांगलेला आहे. गाडी वर गेली की ते आर्म खाली झुकतात आणि त्यांच्यासोबत एक्सल थोडा पुढे फिरतो. चाक ज्या अक्षावर वळतं तो अक्ष मुळात किंचित मागे कललेला असतो, त्यालाच कॅस्टर म्हणतात. वळण संपल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ येतं ते त्यामुळे. एक्सल फिरला की हा कल कमी होतो. गावात हळू चालवताना काहीच जाणवत नाही, उलट स्टिअरिंग हलकं झाल्याचा आनंद होतो. ऐंशीच्या पुढे गाडी रस्त्यावर भटकायला लागते, आणि एखाद्या सांध्यावर पुढची चाकं थरथरायला लागली तर ती थरथर वेग उतरवल्याशिवाय थांबत नाही. यावर उपाय आहे. आर्मच्या टोकाचे बुश बदलून भोक मध्यापासून बाजूला असलेले खास बुश घालतात, त्यानं कल परत येतो. तो बदल आणि त्यानंतरची अलाइनमेंट, लिफ्टच्या बिलात असलीच पाहिजे.

दुसरी गोष्ट पॅनहार्ड रॉडची. एक्सल डावी-उजवीकडे सरकू नये म्हणून एक तिरका दांडा त्याला चेसीशी बांधतो. गाडी वर गेली की हा दांडा एक्सलला काही मिलिमीटर एका बाजूला ओढतो. समोरून पाहिलं तर एका बाजूचा टायर मडगार्डच्या बाहेर जास्त डोकावतो. दीड इंचापर्यंत दुर्लक्ष केलं तरी चालतं, दोन इंचांना लांबी जुळवता येणारा दांडा घालावा. ब्रेकच्या रबरी नळ्या आणि चाकांच्या सेन्सरच्या वायरी चाक पूर्ण खाली लटकवून ताणल्या जातात का, हे गाडी गॅरेजच्या लिफ्टवर असतानाच तपासून घ्यावं. हेडलाइट खाली करून घ्यावेत. उचललेल्या गाडीचा झोत समोरच्या मोटरसायकलवाल्याच्या थेट डोळ्यांत जातो, आणि आपल्या रस्त्यांवर रात्री मोटरसायकलीच जास्त असतात.

थारबद्दल थोडक्यात. २०१०ची जुनी थार पुढे टॉर्शन बारवर आहे. तिथे एक बोल्ट आवळला की पुढची बाजू वर येते, पैसे लागत नाहीत, आणि म्हणूनच तो बोल्ट सर्रास आवळला जातो. त्यानं चाकाला खाली लटकायला जागाच उरत नाही, प्रत्येक खड्ड्यात ठोका बसतो आणि बॉल जॉइंट लवकर जातात. २०२०च्या थारमध्ये पुढची चाकं सुटी आहेत आणि पुढचा डिफरन्शियल चेसीला बांधलेला आहे, त्यामुळे गाडी उचलली की तो खरोखर वर जातो. पण मग त्याच्यापासून चाकाकडे जाणाऱ्या शाफ्टचा कोन वाढतो, त्यांचे रबरी बूट फाटतात, आत चिखल जातो आणि जॉइंट संपतो. स्प्रिंगवर ठेवलेल्या स्पेसरनं चाकाशी त्याच्या जाडीपेक्षा जास्त उंची मिळते, हेही मोजताना लक्षात ठेवावं. या थारला कंपनीकडूनच ४१.८ अंशांचा पुढचा कोन आणि २५५/६५ आर १८चे टायर मिळतात. तिला उचलण्याचं सबळ कारण मला आपल्या भागात तरी सापडलेलं नाही.

चेसी आणि बॉडीच्या मध्ये ठोकळे घालून नुसती बॉडी उचलणंही करतात. त्यानं मोठ्या टायरला जागा होते, पोट वर जात नाही. एक इंच ठीक, त्यापुढे स्टिअरिंगची जोडणी, गिअरचा दांडा, रेडिएटर आणि पंखा यांची एकमेकांशी जुळलेली जागा चुकते.

आता त्या रस्त्याबद्दल, ज्यावर या गाड्यांचं खरं आयुष्य जातं. गाडी पाणंदीत तीन किलोमीटर चालते आणि डांबरीवर शंभर. तुळजापूरहून औसा, लातूर, चाकूर, अहमदपूर, लोहा करत नांदेडला आणि पुढे नागपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ३६१ झाल्यापासून नव्वद-शंभरचा वेग सगळ्यांच्या सवयीचा झाला. उचललेल्या छोट्या गाडीची खरी कसोटी तिथे लागते. गाडी किती सहज उलटेल याचं साधं मोजमाप आहे. चाकांमधल्या अंतराचा निम्मा भाग घ्यायचा आणि त्याला वजनाच्या मध्याच्या उंचीनं भागायचं. समजा चाकांमधलं अंतर १४०० मिलिमीटर आणि मध्य ७०० मिलिमीटर उंचीवर आहे, तर उत्तर १ येतं. मध्य ४० मिलिमीटर वर गेला की उत्तर ०.९५च्या खाली उतरतं. म्हणजे पाच टक्क्यांहून जास्त स्थैर्य गेलं. छतावर कॅरिअर, त्यावर स्टेपनी आणि सामान ठेवलं की आणखी जातं. अचानक रस्त्यावर आलेल्या म्हशीला चुकवताना ड्रायव्हर जेवढा हिसका देतो, त्यात हा फरक जिवावर येऊ शकतो.

छोट्या सुझुकींच्या बाबतीत हा वाद जुना आहे. जिप्सीची अमेरिकेतली बहीण सामुराई. १९८८ मध्ये तिथल्या ग्राहकांसाठीच्या एका प्रतिष्ठित मासिकानं ती अचानक वळवताना उलटते म्हणून तिला नापास ठरवलं. तिथल्या सरकारी सुरक्षा यंत्रणेला मात्र चौकशी उघडण्याइतका पुरावा दिसला नाही. सुझुकीनं १९९६ मध्ये मासिकाच्या प्रकाशकावर दावा लावला आणि २००४ मध्ये तडजोड झाली. कोण बरोबर होतं हा प्रश्न बाजूला ठेवला तरी अरुंद, उंच आणि हलक्या गाडीत स्थैर्याची शिल्लक मुळातच थोडी असते, एवढं त्यातून घ्यावं. थोडीच असलेली शिल्लक विचारपूर्वक खर्चावी.

घरच्यांचाही विचार हवा. गाडी दोन इंच वर गेली की गुडघे दुखणाऱ्या आजींना पाय टाकता येत नाही. मग पायदान लावतात, आणि ते पायदान बांधाला टेकतं. जी गाडी अडल्या वेळी दवाखान्यात नेण्यासाठी घेतली, तिच्यात आजारी माणसाला चढवता आलं पाहिजे.

पुराच्या पाण्याबद्दल गैरसमज फार घातक आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यात गावंच्या गावं पाण्यात गेली. लेंडी, मन्याड, तेरणा, मांजरा, कुठलीही नदी एका रात्रीत चढते, हे आपल्याला नवं नाही. उचललेली गाडी पुलावरच्या पाण्यातून जाईल असं वाटतं. इंजिन हवा घेतं ती नळी गाडी उचलल्यावर वर जाते खरी, पण वाहतं पाणी गाडी नेतं ते बॉडीला धरून आणि चाकांवरचं वजन कमी करून. बंद दारांची हलकी गाडी गुडघाभर-मांडीभर पाण्यात हलकी होऊन तरंगायला लागते, आणि तेव्हा टायर, लिफ्ट, फोर बाय फोर यांतलं काहीच उरत नाही. वाहत्या पाण्यात गाडी घालायचीच नाही. लिफ्ट केलेल्यानं तर अजिबात नाही, कारण धाडस करायचा मोह त्यालाच जास्त होतो.

कायदा काय म्हणतो, ते उघडपणे सांगितलं पाहिजे, कारण गॅरेजमध्ये हा विषय शेवटी आणि हळू आवाजात निघतो. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं केरळातून आलेल्या प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं आलेल्या कलम १८२-ए प्रमाणे परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. एमएच-२४ असो की एमएच-२६, नियम एकच. झिजलेल्या भागाच्या जागी त्याच मापाचा भाग घालणं हा बदल नव्हे, आणि म्हणूनच मी मूळ पाट्यांचा आग्रह धरतो. विमा कंपनीला न सांगता सस्पेन्शन बदललं असेल तर अपघातानंतर गाडीचा दावा अडवायला तिला कारण मिळतं. गाडी वॉरंटीत असेल तर एक्सल, शाफ्ट, स्टिअरिंग यांच्या तक्रारींवर कंपनी हात वर करू शकते.

पंजाब-हरियाणाच्या सीमेवरच्या मंडी डबवालीत जुन्या जीपवर नवा साज चढवण्याचा मोठा धंदा आहे, आणि हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यामुळे नांदेडचं पंजाबशी येणं-जाणं रोजचं. तिकडून उंच, रुंद टायरांची जीप आणायचा विचार असेल तर नोंदणीचे कागद, चेसी नंबर आणि इंजिन नंबर तिथेच पडताळून घ्यावेत. इथे आणल्यावर आरटीओच्या दारात ते जुळले नाहीत तर पैसे आणि जीप दोन्ही अडकतात.

आपल्या कायद्यात एक उणीव आहे आणि ती दुरुस्त व्हावी असं मला मनापासून वाटतं. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्ससारख्या राज्यात स्प्रिंगनं ५० मिलिमीटर आणि टायरनं २५, मिळून ७५ मिलिमीटरपर्यंत गाडी उंच करायला वेगळ्या दाखल्याची गरज पडत नाही. त्यापुढे इंजिनिअरचा तपास लागतो. मर्यादा ठरलेली असल्यामुळे किट बनवणारा, बसवणारा आणि तपासणारा, तिघांनाही काय करायचं ते कळतं. आपल्याकडे शेतावर जाणाऱ्या माणसाचा दीड इंच आणि मिरवणाऱ्याचा सहा इंच एकाच कलमाखाली येतात. दोघेही चोरून करतात, आणि चोरून केलेल्या कामाची तपासणी कुणीच करत नाही. अशी ठरावीक मर्यादा इथेही आली तर पाट्यांच्या कारागिरालाही उजेडात, बिल देऊन काम करता येईल.

तोवर मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजनेखाली जिथे पाणंदीवर मुरूम पडला आहे, तिथे साधी गाडीही पावसाळ्यात पोचते. तुमच्या शिवारातली पाणंद त्या यादीत आहे का, हे किट मागवण्याआधी ग्रामपंचायतीत विचारून घ्यावं.

ज्यांनी ठरवूनच टाकलं आहे त्यांनी काम झाल्यावर लगेच चिखलात जाऊ नये. आधी दिवसाउजेडी, रिकामी गाडी घेऊन महामार्गावर जावं. साठ, सत्तर, ऐंशी असं टप्प्याटप्प्यानं वाढवत स्टिअरिंग सरळ येतं का, कुठे थरथरतं का, ब्रेक दाबल्यावर एका बाजूला ओढतं का, ते पाहावं. थांबून चारही चाकांना हात लावावा, एखादं जास्त तापलं असेल तर ब्रेक घासतो आहे. पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर यू-बोल्ट, शॅकल आणि आर्मचे सगळे नट पुन्हा आवळून घ्यावेत, कारण नवे पाटे आणि बुश बसताना ते हमखास सैल होतात. आवळताना गाडी चाकांवर उभी असावी. जॅकवर लटकलेल्या गाडीचे बुश आवळले तर ते पिळलेल्या अवस्थेतच घट्ट होतात आणि लवकर फाटतात.